हायलिगेनश्टाइनची रीसलिंग आणि काम्पटालचा प्रदेश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हायलिगेनश्टाइन हे वाइनचे नाव आहे, कंपनीचे की गावाचे?

यांपैकी एकाचेही नाही. हायलिगेनश्टाइन ही ऑस्ट्रियाच्या ईशान्य भागातील, नीडरऑस्टराइख प्रांतातील एक टेकडी आहे. तिच्या पायथ्याशी त्सोबिंग नावाचे छोटे गाव आहे आणि शेजारून काम्प नदी वाहते; या नदीच्या खोऱ्यातील वाइनप्रदेश म्हणजे काम्पटाल. टेकडीच्या दक्षिणेकडच्या, पायऱ्यापायऱ्यांनी बांधलेल्या उतारावर द्राक्षवेली आहेत, आणि या उतारावर पिकलेल्या रीसलिंग जातीच्या द्राक्षांची जी पांढरी वाइन होते तिच्या बाटलीवर टेकडीचे नाव लिहिले जाते. हा उतार कोणा एकाच्या मालकीचा नाही. ब्रुंडलमायर, हिर्श, युर्चिच, श्लोस गोबेल्सबुर्ग अशा अनेक उत्पादकांचे त्यावर लहानमोठे तुकडे आहेत आणि प्रत्येक जण आपापली हायलिगेनश्टाइन स्वतंत्रपणे बनवतो. म्हणून "हायलिगेनश्टाइन कशी लागते?" या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी ती कोणाची आणि कोणत्या वर्षाची, हे विचारावे लागते.

नावाचा अर्थ काय?

आजच्या जर्मन भाषेत शब्दशः अर्थ "पवित्र दगड" असा होतो. मात्र तेराव्या शतकातील नोंदीत या टेकडीचा उल्लेख "हेलेनश्टाइन" असा येतो आणि स्थानिक लोक त्याचा संबंध नरकाशी जोडतात, कारण या उतारावर ऊन नरकाच्या आगीसारखे भाजते असे ते सांगतात. पुढे धार्मिक मनाला ते नाव खटकले असावे आणि नरकाच्या जागी पावित्र्य आले, अशी तेथील समजूत आहे. उन्हाची ही गोष्ट मात्र केवळ दंतकथा नाही. दक्षिणेकडे तोंड केलेला उघडा उतार, उथळ माती आणि तापलेला खडक यांमुळे येथे आसपासच्या सपाट जमिनीपेक्षा खरोखरच अधिक उष्णता साठते.

या टेकडीच्या खडकाबद्दल एवढे का बोलले जाते?

कारण तो आसपासच्या कोणत्याही द्राक्षमळ्यात सापडत नाही, आणि या संपूर्ण विषयाचा गाभा तोच आहे. काम्पटाल, क्रेम्सटाल आणि वाखाउ या तिन्ही शेजारी प्रदेशांत मुख्यतः दोन प्रकारची जमीन आढळते. उंच, चढाच्या जागी नाइस आणि अभ्रकयुक्त शिस्ट यांसारखे रूपांतरित खडक असतात, तर पायथ्याशी आणि पसरट भागात हिमयुगातील वाऱ्यांनी आणून टाकलेली लोएस ही पिवळसर, भुसभुशीत, चुनायुक्त माती असते. हायलिगेनश्टाइन या दोहोंपेक्षा वेगळी आहे. तिचा खडक पर्मियन काळातील, पंचवीस कोटी वर्षांहून अधिक जुना असून त्यात लालसर-तपकिरी वालुकाश्म आणि गोटे एकत्र घट्ट होऊन बनलेला पिंडाश्म आहे. त्या काळात येथील हवामान रखरखीत होते. मधूनच येणाऱ्या पुरांनी वाहून आणलेली वाळू, गाळ आणि ज्वालामुखीय खडकांचे तुकडे यांचे थर साचत गेले. नंतरच्या भूगर्भीय हालचालींत भोवतालचा बहुतेक थर झिजून गेला आणि खाली खचलेला हा एक तुकडा मात्र टिकून राहिला.

आता, दगडाची चव वाइनमध्ये उतरते का, हा प्रश्न पुष्कळ जण विचारतात आणि त्याचे उत्तर सरळपणे द्यायला हवे. वेलीची मुळे दगड चाखून तो फळात पाठवत नाहीत. खडकातील खनिजे पाण्यात विरघळून अत्यल्प प्रमाणात वेलीला मिळतात आणि त्यांना स्वतःची अशी चव जवळजवळ नसते. परंतु खडक पाणी किती धरतो आणि किती लवकर सोडून देतो, दिवसा किती तापतो, मुळांना किती खोल जावे लागते आणि वेलीला अन्न किती तुटपुंजे मिळते, या गोष्टी द्राक्षाचा आकार, सालीची जाडी, आम्लता आणि पिकण्याचा वेग ठरवतात. हायलिगेनश्टाइनच्या उथळ, नापीक जमिनीत वेलीची वाढ आवरलेली राहते, घड लहान राहतात आणि मणी बारीक पण रसाने भरीव होतात. वाइन चाखताना "ओल्या दगडासारखा", "खारट" असे शब्द आपण वापरतो ते उपमा म्हणून. आणि त्या उपमा उपयोगी आहेत, कारण शेजारच्या लोएस मातीतील वाइन चाखताना त्या सुचत नाहीत.

मग रीसलिंगच का? ऑस्ट्रियाची खरी ओळख तर ग्र्यूनर फेल्टलिनर आहे ना?

हे खरे आहे. ऑस्ट्रियातील सुमारे 44,000 हेक्टर द्राक्षक्षेत्रापैकी जवळपास एक तृतीयांश क्षेत्रावर ग्र्यूनर फेल्टलिनर आहे, आणि काम्पटालच्या साडेतीन हजारांहून काहीशा अधिक हेक्टरांपैकीही साधारण निम्मे क्षेत्र त्याचेच आहे. रीसलिंगच्या वाट्याला संपूर्ण देशात 2,000 हेक्टरांच्या आसपास क्षेत्र येते. परंतु या दोन जातींच्या गरजा वेगळ्या आहेत. फेल्टलिनरला पाणी लागते आणि खोल, सकस माती मानवते, म्हणून ते लोएसवर उत्तम येते. रीसलिंग कोरड्या, दगडी, अन्यथा ओसाड पडली असती अशा जागी तग धरते आणि तेथेच तिची चव अधिक रेखीव होते. याचे उदाहरण टेकडीवरून खाली उतरताना दिसते : वरच्या पायऱ्यांवर रीसलिंग, आणि पायथ्याला लोएसचा थर जाड होत जातो तेथे लाम नावाचा मळा, जो फेल्टलिनरसाठी नावाजलेला आहे. शेजारची गाइसबर्ग ही टेकडीदेखील रीसलिंगची, परंतु तिचा खडक नाइस आणि शिस्ट असल्यामुळे तेथील वाइन अधिक नाजूक, फुलांच्या गंधाची आणि लवकर मोकळी होणारी असते. एकाच उत्पादकाच्या, एकाच वर्षाच्या गाइसबर्ग आणि हायलिगेनश्टाइन या दोन बाटल्या शेजारी ठेवून चाखणे, हा या प्रदेशाचा सर्वांत चांगला धडा आहे असे आमचे मत आहे.

येथील हवामान कसे आहे?

दोन वाऱ्यांच्या सीमेवरचे. पूर्वेकडून, हंगेरीच्या मैदानाकडून, उष्ण आणि कोरडी पॅनोनियन हवा डॅन्यूबच्या खोऱ्यातून आत येते. वायव्येकडे वाल्डफिअर्टल हे जंगलाचे थंड पठार आहे आणि काम्प नदीच्या अरुंद दरीतून तेथील गार हवा रात्री खाली उतरते. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि शरद ऋतूत दिवस उबदार आणि रात्री थंड, असा मोठा फरक पडतो. दिवसा साखर भरते आणि रात्रीच्या थंडीत आम्ल टिकून राहते, त्यामुळे पूर्ण पिकलेल्या द्राक्षातही ताजेपणा उरतो. रीसलिंगची तोडणी बहुधा ऑक्टोबरमध्ये होते आणि काही वर्षी ती नोव्हेंबरपर्यंत लांबते.

नाशिक किंवा सांगलीकडच्या वाचकाला येथे एक मूलभूत फरक लक्षात घ्यावा लागेल. आपल्याकडे वेलीला खरी हिवाळी झोप मिळत नाही; म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी अशा दोन छाटण्या घेऊन बागायतदार वेलीचे वर्ष स्वतः आखतो, आणि वाइनची द्राक्षे साधारण जानेवारी ते मार्चमध्ये निघतात. काम्पटालमध्ये वेल बर्फाखाली झोपते, हिवाळ्यात एकदाच छाटली जाते आणि एप्रिलमध्ये फुटते. त्या कोवळ्या फुटीवर उशिरा पडणारे दहिवर (गोठलेले दव) हा तेथील सर्वांत मोठा धोका असून एप्रिल 2016 च्या अखेरीस पडलेल्या कडाक्याच्या थंडीने ऑस्ट्रियातील द्राक्षमळ्यांचे अतोनात नुकसान केले होते. भुरी आणि डाऊनी हे रोग मात्र दोन्हीकडे सारखेच छळतात.

ही वाइन गोड असते का?

नाही, आणि हा गैरसमज वाचकांनी मनातून काढून टाकावा. रीसलिंग म्हणजे गोड, ही समजूत जर्मनीतून निर्यात झालेल्या विशिष्ट प्रकारच्या वाइनमुळे रूढ झाली. काम्पटाल डीएसी (प्रदेशाच्या नावाला मिळालेला कायदेशीर दर्जा) या नावाने विकली जाणारी रीसलिंग कोरडी, म्हणजे लेबलवरील "ट्रोकन" या प्रकारातील असते. या शब्दाला कायदेशीर अर्थ आहे : एका लिटरमध्ये जास्तीत जास्त 4 ग्रॅम साखर, किंवा आम्लता पुरेशी असल्यास 9 ग्रॅमपर्यंत, मात्र साखर आणि आम्ल यांच्यातील फरक 2 ग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. पिकलेल्या पीच आणि जर्दाळूच्या सुगंधामुळे पहिला घोट घेण्याआधी गोडीची अपेक्षा निर्माण होते, परंतु जिभेवर येते ते लिंबाच्या जातीचे सरळ, लांबपर्यंत रेंगाळणारे आंबटपण. गंध आणि चव यांतील हा ताण आम्हाला या वाइनमधील सर्वांत सुंदर गोष्ट वाटतो.

लेबल कसे वाचावे?

ऑस्ट्रियाच्या नियमांत नावे तीन पायऱ्यांनी येतात. सर्वांत खाली "गेबीट्सवाइन", म्हणजे संपूर्ण काम्पटाल प्रदेशाची वाइन. त्यावर "ऑर्ट्सवाइन", म्हणजे एका गावाची, उदाहरणार्थ लांगेनलोइसची. सर्वांत वर "रीडेनवाइन", म्हणजे नोंदणी झालेल्या एकाच मळ्याची. मळ्याच्या नावापूर्वी "रीड" हा शब्द लिहिणे 2016 च्या हंगामापासून बंधनकारक झाले. या छोट्या शब्दामुळे ग्राहकाची मोठी सोय झाली, कारण त्यापूर्वी खऱ्या मळ्याचे नाव आणि विक्रीसाठी रचलेले कल्पित नाव यांत फरक करणे परदेशी वाचकाला जवळजवळ अशक्य होते. डीएसी ही अक्षरे "डिस्ट्रिक्टुस ऑस्ट्रिए कंट्रोलाटुस" या लॅटिन नावाची आहेत आणि काम्पटालला तो दर्जा 2008 च्या हंगामापासून मिळाला. त्यात फक्त ग्र्यूनर फेल्टलिनर आणि रीसलिंग या दोनच जातींना जागा आहे.

काही बाटल्यांवर "एर्स्टे लागं", म्हणजे पहिल्या प्रतीचा मळा, असे चिन्ह दिसते. हे मूल्यमापन सरकारने नव्हे, तर 1992 मध्ये स्थापन झालेल्या परंपरागत वाइन उत्पादकांच्या संघटनेने आपल्या सदस्यांसाठी सुरू केले आणि 2010 मध्ये पहिली यादी जाहीर केली. हायलिगेनश्टाइन त्या यादीत आहे. पुढे 2023 मध्ये कायद्यानेही "एर्स्टे लागं" आणि "ग्रोसे लागं" (श्रेष्ठ मळा) या दोन पायऱ्यांना देशपातळीवर चौकट दिली. याखेरीज बाटलीच्या टोपणावर लाल-पांढरा-लाल पट्टा आणि उत्पादकाचा क्रमांक असतो. तो पट्टा शोभेसाठी नाही. त्यामागे प्रयोगशाळेतील तपासणी आणि तज्ज्ञांची चव-परीक्षा असते.

एवढे कडक नियम कशासाठी?

1985 सालामुळे. त्या वर्षी असे उघड झाले की काही ऑस्ट्रियन व्यापारी आपली पातळ वाइन अधिक भरीव आणि गोड भासावी म्हणून तिच्यात डायएथिलीन ग्लायकोल हे विषारी रसायन मिसळत होते. त्यामुळे कोणाचा मृत्यू झाल्याची नोंद नाही, परंतु निर्यात जवळजवळ थांबली आणि ज्यांचा या प्रकाराशी काडीमात्र संबंध नव्हता अशा प्रामाणिक उत्पादकांनाही त्याची किंमत मोजावी लागली. त्याच वर्षी संसदेने युरोपातील अत्यंत कडक समजला जाणारा वाइन कायदा मंजूर केला आणि 1986 मध्ये ऑस्ट्रियन वाइनच्या प्रचारासाठी राष्ट्रीय संस्था उभी राहिली.

आमच्या दृष्टीने टेकडीच्या नावाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर समजते. टँकरने वाइन विकणाऱ्याला गाव सांगण्याची गरज नसते. "ही द्राक्षे याच उतारावरची आहेत" असे बाटलीवर लिहिणारा मात्र स्वतःला तपासणीसाठी उघडे करतो, कारण तो उतार कोणीही जाऊन पाहू शकतो, त्याचे क्षेत्र मोजू शकतो आणि शेजाऱ्याच्या वाइनशी त्याची वाइन ताडून पाहू शकतो.

हा वाइनचा प्रदेश किती जुना आहे?

वाल्डफिअर्टलमधील त्स्वेट्ल येथील सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती मठाला या भागातील पहिले द्राक्षमळे 1171 मध्ये मिळाले. मठ ज्या थंड पठारावर आहे तेथे द्राक्षे पिकत नसल्यामुळे उपासनेसाठी आणि जेवणासाठी लागणारी वाइन खालच्या खोऱ्यातून आणावी लागे. पुढे 1740 मध्ये गोबेल्सबुर्गचा वाडा याच मठाकडे आला आणि तेथील वाइनउद्योग आजही मठाच्या मालकीच्या जागेत चालतो; 1996 पासून तो मोझब्रुगर कुटुंब चालवते.

"लीरा" आणि "आल्टे रेबेन" असे शब्द काही बाटल्यांवर दिसतात. ते काय आहेत?

"आल्टे रेबेन" म्हणजे जुन्या वेली. त्यांचे उत्पन्न कमी असते, मुळे खोल गेलेली असतात आणि कोरड्या वर्षी त्या तरुण वेलींपेक्षा स्थिर राहतात. "लीरा" हा शब्द वेली बांधण्याच्या पद्धतीचा आहे. फ्रान्समधील बोर्दो येथील संशोधक अलँ कार्बोनो यांनी ही पद्धत विकसित केली आणि ब्रुंडलमायर यांनी ती हायलिगेनश्टाइनवर आणली. तिच्यात वेलीचा पर्णसंभार मधोमध दुभागून दोन तिरप्या भिंतींसारखा वर नेला जातो, म्हणून तो प्राचीन ग्रीक तंतुवाद्यासारखा दिसतो. नाशिकच्या बागायतदाराला हे समजावून सांगण्याची गरजच नाही, कारण त्याच्या बागेतील "वाय" सांगाडा याच तत्त्वावर उभा असतो : पानांना दोन्ही बाजूंनी ऊन, मधून खेळती हवा आणि घडांवर विखुरलेला प्रकाश.

वाइन बनवताना लाकडाचा वापर होतो का?

होतो, परंतु व्हॅनिलासारखा गंध देणाऱ्या लहान, नव्या पिंपांचा सहसा नाही. तोडणी हातांनी होते, कारण अरुंद पायऱ्यांवर यंत्र चालत नाही. घड हलके दाबून निघालेला रस स्टीलच्या टाक्यांत किंवा जुन्या, मोठ्या लाकडी पिंपांत आंबवला जातो. काही उत्पादक त्यासाठी जवळच्या मानहार्ट्सबर्ग टेकड्यांवरील ओक वापरतात. नंतर वाइन कित्येक महिने यीस्टच्या बारीक गाळावर ठेवली जाते, त्यामुळे तिच्या धारदार आम्लाला अंग येते.

बाटली लगेच उघडावी की ठेवावी?

शक्य असेल तर ठेवावी. पहिल्या एक-दोन वर्षांत फळाचा गंध ठळक असतो, नंतर काही काळ वाइन मिटून घेतल्यासारखी अबोल होते आणि साधारण पाच-सहा वर्षांनंतर पुन्हा उघडू लागते. चांगल्या हंगामाची बाटली दहा-वीस वर्षे सहज टिकते. जुन्या रीसलिंगमध्ये जो किंचित पेट्रोलसारखा वास येतो त्याला घाबरू नये. तो टीडीएन या संयुगाचा असतो आणि उन्हात वाढलेल्या द्राक्षांत त्याची पूर्वद्रव्ये अधिक असतात. मात्र हे सर्व अंधाऱ्या, बारा-पंधरा अंशांच्या तळघरासाठी लागू आहे. मुंबई किंवा नागपूरच्या घरात उघड्या कपाटात ठेवलेली बाटली एका उन्हाळ्यात म्हातारी होईल. तसे तळघर नसेल तर ती थंड कप्प्यात ठेवावी आणि वर्षभरात प्यावी. अनेक उत्पादक फिरकीचे टोपण वापरतात. ते हलक्या प्रतीचे लक्षण समजू नये, कारण बुचामुळे लागणाऱ्या कुबट वासापासून ते वाइनला वाचवते.

प्यायला देताना वाइनचे तापमान 10 ते 12 अंश असावे. फ्रीजमधून काढून लगेच ओतल्यास गंध गोठलेला राहतो. दहा-पंधरा मिनिटे थांबावे.

कोणत्या जेवणाबरोबर ती चांगली लागते?

तिच्या गावी ती गोड्या पाण्यातील मासे, व्हिएनीज श्निट्झेल आणि वसंतातील पांढरे शतावरीचे कोंब यांबरोबर घेतली जाते. आपल्या ताटात तिला सर्वांत जवळचे ठरतील ते रवा लावून तळलेले बोंबील किंवा पापलेट, कारण तळणीच्या तेलकटपणाला तिचे आम्ल लिंबाच्या फोडीसारखे कापून काढते. नारळाच्या दुधातील सौम्य कालवणाशीही ती जुळते. झणझणीत तांबड्या रश्श्यापासून मात्र तिला दूर ठेवावे : साखर नसलेल्या आणि सुमारे 13 टक्के अल्कोहोल असलेल्या वाइनमुळे मिरचीचा दाह वाढतो, आणि वाइनचा बारकावाही हरवतो.

प्रत्यक्ष जाऊन पाहायचे असेल तर?

व्हिएन्नापासून अंतर साधारण 70 किलोमीटर आहे. फ्रान्झ-योजेफ्स स्थानकावरून क्रेम्सच्या दिशेने जाणारी गाडी घेऊन हाडर्सडॉर्फ आम काम्प येथे उतरावे आणि काम्प खोऱ्यातील छोट्या रेल्वेने लांगेनलोइस किंवा त्सोबिंग गाठावे. लांगेनलोइस येथे स्टीव्हन हॉल या अमेरिकन वास्तुविशारदाने उभारलेली लोइझियम ही इमारत असून तिच्याखालील जुन्या तळघरांतून फिरता येते. गावांतील "होयरिगर" ही घरगुती मद्यगृहे अवश्य पाहावीत. उत्पादकाने स्वतःची वाइन स्वतःच्या घरी विकावी, ही मुभा सम्राट दुसरा योझेफ याने 1784 मध्ये दिली आणि ती प्रथा आजही जिवंत आहे. ती वर्षभर उघडी नसतात; दारावर पाल्याची जुडी टांगलेली दिसली की आत जावे.

त्यानंतर हायलिगेनश्टाइनवर चढावे. वाट मळ्यांच्या पायऱ्यांमधूनच जाते आणि माथ्यावर काम्पटालवार्टे नावाचा टेहळणी मनोरा आहे. चढताना पायाखालचा तांबूस दगड उचलून हातात घ्यावा, त्यातले गोटे बोटांनी चाचपून पाहावेत, आणि दुपारी चार वाजताही तो किती तापलेला आहे हे अनुभवावे. मनोऱ्यावरून एका बाजूला वाल्डफिअर्टलचे काळसर जंगल दिसते आणि दुसऱ्या बाजूला डॅन्यूबकडे उघडत जाणारे, उन्हाने पिवळे पडलेले मैदान.